स्पोर्ट्स कार घेताय? आधी रॅम्प मोजा, मग चेक फाडा

स्पोर्ट्स कार परवडते का, हे शोरूममध्ये कळत नाही. ते कळतं सोसायटीच्या रॅम्पवर, आरटीओच्या खिडकीवर आणि पहिल्यांदा चार टायर बदलताना. हौसेने घेतलेली गाडी वर्षभरात विकणारे मी पाहिले आहेत. किंमत त्यांना माहीत होतीच. कुणालाच आधी न विचारलेले बारीक खर्च त्यांना जड गेले. ते खर्च इथे क्रमाने मांडले आहेत.

आधी थोडक्यात उत्तर. ५० लाखांच्या आसपासची जुनी दोन दारी पेट्रोल गाडी घेऊन वर्षाला ८,००० किलोमीटर चालवायची असेल, तर कर्जाचा हप्ता सोडून महिन्याला ४० हजार रुपये धरा. शिवाय किमतीच्या १० टक्के, म्हणजे ५ लाख, गंगाजळी म्हणून बाजूला ठेवा. हे दोन्ही जमत नसेल तर गाडी एक पायरी खालची निवडा. हा आकडा कसा आला, ते पुढे आहेच.

पहिलं काम: टेप आणि लाकडी पट्टी

ब्रोशरमध्ये दोन आकडे शोधा: ग्राउंड क्लिअरन्स आणि व्हीलबेस. भारतात २०१६ साली आलेल्या फोर्ड मस्टँगचा ग्राउंड क्लिअरन्स १३७ मिलिमीटर आणि व्हीलबेस २,७२० मिलिमीटर. पोर्श ९११ चा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर. ग्राउंड क्लिअरन्स बहुधा रिकाम्या गाडीचा दिलेला असतो. दोन माणसं आणि भरलेली टाकी धरून त्यातून १५ मिलिमीटर वजा करा.

आता व्हीलबेसच्या लांबीची सरळ लाकडी पट्टी घ्या. दोन्ही टोकांखाली, वजाबाकीनंतर उरलेल्या उंचीचे ठोकळे ठेवा. ही पट्टी गतिरोधकावर अशी ठेवा की त्याचा माथा बरोबर पट्टीच्या मध्यावर येईल. माथा पट्टीला टेकला, तर गाडी खाली लागणार. रॅम्प जिथे संपून सपाट होतो, त्या कडेवरही हीच परीक्षा घ्या. गाड्यांची पोटं तिथेच जास्त घासतात.

कोथरूडच्या एका सोसायटीत ओळखीच्या गृहस्थांसाठी मी हे करून पाहिलं. तळघराचा रॅम्प पास झाला. गेटच्या आत सोसायटीने स्वतः घातलेल्या डांबरी गतिरोधकावर मात्र पट्टी मध्यावर टेकली आणि दोन्ही ठोकळे जमिनीपासून बोटभर वर उचलले गेले. गृहस्थ उकिडवे बसून बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिले. गाडीचं बुकिंग त्यांनी पंधरा दिवस पुढे ढकललं आणि आधी सोसायटीला अर्ज दिला.

अर्जात लिहायचा मुद्दा साधा आहे. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. उंच आणि अरुंद उंचवटा कोणत्याच गाडीला, रुग्णवाहिकेलाही, सोयीचा नसतो. तो नीट करून घेण्याचा खर्च तुम्ही देऊ केलात तर समिती सहसा अडत नाही.

आणखी तीन मापं घ्या. पार्किंगची रुंदी: दोन दारी गाडीचं दार लांब असतं, म्हणून एका बाजूला किमान ९० सेंटिमीटर मोकळे हवेत. यांत्रिक पार्किंग असेल तर त्याच्या पाटीवरची वजन, लांबी आणि रुंदीची मर्यादा वाचा. आणि चाकांसाठीच्या लोखंडी पट्ट्यांमधलं अंतर तपासा. रुंद अलॉय व्हीलच्या कडा तिथे खरवडतात.

नवी गाडी घेत असाल तर पुढच्या धुऱ्याची उंची बटणाने वाढवणारी ‘फ्रंट ॲक्सल लिफ्ट’ मिळते का, ते विचारा. मिळत असेल तर सनरूफ, महागडी म्युझिक सिस्टीम वगैरे सोडा, पण ही घ्या. नंतर बाहेरून बसवणं महाग पडतं आणि वॉरंटीचा वाद होतो.

नवी गाडी: ९० लाखांचे किती होतात?

उदाहरणादाखल एक्स-शोरूम किंमत ९० लाख आणि गाडी पूर्ण तयार अवस्थेत आयात झालेली धरू.

महाराष्ट्रात आयात गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला एकरकमी वाहन कर सरसकट २० टक्के आहे. म्हणजे इथे १८ लाख. भारतात जोडलेली पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावावर घेतली आणि ती २० लाखांच्या वरची असेल तर दर १३ टक्के. या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. दीड कोटीच्या आयात गाडीला ती लागते. जुन्या मर्यादेवर हिशोब करून दिलेलं कोटेशन हातात असेल तर ते बदलून घ्या.

टीसीएस १ टक्का, म्हणजे ९० हजार. १० लाखांवरच्या प्रत्येक नव्या गाडीला तो लागतो. हा खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो, फॉर्म २६एएसमध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. म्हणून बिलावर पॅन बरोबर आहे ना, ते जागेवरच पाहा.

जीएसटी एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे आणि भरपाई उपकर गेला आहे. कोटेशनवर ‘सेस’ वेगळा दिसला तर का, ते विचारा.

थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला तीन वर्षांचा सक्तीचा असतो. १,५०० सीसीच्या वरच्या गाडीला २०२२ मध्ये ठरलेला दर २४,५९६ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. ‘ओन डॅमेज’ विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरच्या दोन कंपन्यांचे दर आणा आणि मग डीलरशी बोला. या किमतीच्या गाडीत हा फरक हजारांत असतो.

आता लपलेले आकार. ‘हँडलिंग चार्ज’, ‘लॉजिस्टिक्स’, ‘डेपो चार्ज’ या नावाची कोणतीही सरकारी फी नसते. ‘इसेन्शियल किट’मध्ये मॅट, मडफ्लॅप आणि परफ्यूम घालून पन्नास हजार लावले जातात. सिरॅमिक कोटिंग बिलात आधीच टाकलेलं असतं. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा: ही सरकारी आहे का, सक्तीची आहे का, पावती कोणाच्या नावाची? तिन्हींचं समाधानकारक उत्तर नसेल तर ओळ खोडायला सांगा.

पसंतीचा क्रमांक हवा असेल तर त्याचं वेगळं बजेट करा. ऑगस्ट २०२४ च्या दरपत्रकानुसार चारचाकीसाठी ०००१ या क्रमांकाचे ५ लाख, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६ लाख रुपये. साधा क्रमांक घ्या. त्या पैशात टायरचे तीन-चार संच येतात.

जुनी गाडी: तपासणीवर हात आखडू नका

बहुतेक हौशी माणसांसाठी जुनी गाडीच शहाणपणाची, कारण पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो. पण चुकीची जुनी गाडी नव्यापेक्षा महाग पडते. सौदा ठरण्याआधी स्वतंत्र तपासणी करून घ्या. तिला १५ ते ३० हजार धरा, अर्धा दिवस काढा आणि तपासनीस तुम्हीच निवडा, विक्रेत्याने सुचवलेला नको.

रंगाची जाडी मोजा. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतो. मीटर ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. मीटर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारा हवा, कारण अनेक स्पोर्ट्स कारचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं आणि साधा मीटर तिथे काही दाखवत नाही. मी स्वतः पाहिलेल्या एका चकचकीत पिवळ्या गाडीवर सगळीकडे १३० ते १५० येत होतं. मागच्या डाव्या चाकावरच्या भागावर मीटर अचानक ६४० वर गेला. डिकीचं कार्पेट उचललं, तर आत वेल्डिंगची ओबडधोबड ओळ होती. विक्रेता म्हणाला, ‘किरकोळ घासली होती.’ तो सौदा आम्ही तिथेच सोडला.

पुराचं पाणी शोधा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात होती. सीटच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली बारीक गाळ, दिव्यांच्या आत वाफ ही बाकीची लक्षणं.

संगणक जोडून दोषांची यादी काढा. दाखवायच्या आधल्या दिवशी दोष पुसून टाकणं सोपं असतं, म्हणून किमान तीस किलोमीटर चालवा आणि पुन्हा तपासा. पोर्शच्या इंजिन संगणकात इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं, याची नोंद राहते. तो अहवाल मागा. २००८ पर्यंतच्या बॉक्स्टर-केमन घेत असाल तर इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगची चौकशी करा. ते बेअरिंग गेलं तर इंजिनच जातं. २००९ पासूनच्या इंजिनात ती रचना नाही.

टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा वर्षांचा टायर बदलायचाच आहे असं समजा आणि तेवढी रक्कम किमतीतून कापा.

शेवटी लहान वस्तू: दुसरी किल्ली, व्हीलनटची लॉकिंग चावी, टो करण्याचा हुक, पंक्चर किट, सर्व्हिसची बिलं. लॉकिंग चावी नसेल तर पंक्चरवाला चाक उघडू शकत नाही आणि तुम्ही रस्त्यात अडकता. दुसरी किल्ली नव्याने करायला पन्नास हजारांच्या पुढेही जातात.

जीएसटीबद्दल सावध राहा. जुन्या गाडीच्या नोंदणीकृत डीलरला १८ टक्के कर त्याच्या नफ्यावर भरायचा असतो, पूर्ण किमतीवर नाही. पूर्ण किमतीवर १८ टक्के मागितले तर उठा. दोन व्यक्तींमधल्या खासगी व्यवहारात जीएसटी नाहीच.

रोख देऊ नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं आयकर कायद्याने मना आहे. ‘थोडे चेकने, बाकी रोख’ यात बिल कमी किमतीचं बनतं आणि विमा, कर्ज, पुढची विक्री सगळीकडे तुमचंच नुकसान होतं.

कागद: कोणता फॉर्म, किती दिवस

व्यवहाराआधी वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाका. मालक कितवा, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत, काळ्या यादीची नोंद हे सगळं दिसतं. थकीत ई-चलन वेगळं पाहा. वेगवान गाड्यांवर चलनांची रांग असते. ती विक्रेत्याने भरल्याची पावती मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

नाव बदलायला लागतात: मूळ आरसी, फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, चालू विमा, चालू पीयूसी, दोघांचं पॅन, तुमचा पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. तुम्ही नवं कर्ज घेत असाल तर फॉर्म ३४. सरकारी फी किरकोळ आहे: साध्या मोटारीला हस्तांतरणाचे ३०० रुपये, आयात गाडीला २,५००. कर्जाची नोंद १,५००, स्मार्ट कार्ड २००. एजंटाने पंधरा-वीस हजार सांगितले तर त्यातले सरकारचे किती, हे लिहून मागा.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. इथेच लोक सर्वात जास्त फसतात. गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथे पुन्हा नोंदणी करणं बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र, इथे फॉर्म २७ आणि महाराष्ट्राचा वाहन कर, मूळ किंमत आणि गाडीचं वय पाहून. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो ज्याने भरला त्याच्या नावावर असतो आणि वेळ खातो. म्हणून तो परतावा मिळणारच असं धरून सौदा करू नका. सगळ्याला दीड-दोन महिने लागतील असं समजा. पुद्दुचेरीची पाटी लावून वर्षानुवर्षं पुण्यात फिरणारी गाडी म्हणजे न भरलेला कर आहे, आणि तो गाडीबरोबर तुमच्याकडे येतो.

गाडी आयात असेल तर सीमाशुल्क भरल्याचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, पाहा. त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळायला हवा.

१५ वर्षांच्या जवळ आलेली आयात गाडी घेताना एक आकडा लक्षात ठेवा. नोंदणी नूतनीकरणाची फी साध्या मोटारीला ५,००० आणि आयात चारचाकीला ४०,००० रुपये. गाडी २० वर्षांपुढे गेली की हेच आकडे अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० होतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट हवी. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. पेट्रोल चारचाकीची पीयूसी १२५ रुपये. ती नसली तर दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो.

विमा: कुठे हात राखायचा, कुठे नाही

पॉलिसी नाव बदलल्यापासून १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या मालकाच्या नावावर अडकतो. ‘नो क्लेम बोनस’ माणसाचा असतो, गाडीचा नाही. विक्रेता ५० टक्के सवलतीच्या हप्त्यावर असेल तर फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल. सौद्यात कुणी सांगत नाही असा हा खर्च आहे.

दोन जोडण्या घ्याच. पहिली, झिरो डेप्रिसिएशन. ती नसेल तर रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे पैसे तुमचे, आणि या गाड्यांचा सगळा पुढचा बंपर प्लॅस्टिकचा असतो. दुसरी, इंजिन प्रोटेक्ट. पाण्यात इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा धरत नाहीत. टायर-अलॉयची जोडणी मिळाली तर दर पाहून घ्या.

दोन गोष्टी वाचल्याशिवाय सही करू नका. पाच वर्षांपुढच्या गाडीचं विमामूल्य कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. हप्ता कमी दिसावा म्हणून ते खाली आणलं जातं आणि गाडी गेली की भरपाईही तेवढीच मिळते. आणि शर्यत किंवा वेग-चाचणीत झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. ट्रॅकवर नेलीत तर जोखीम पूर्ण तुमची.

वर्षाचा हिशोब

पेट्रोल: शहरात आणि थोडं महामार्गावर धरून लिटरला ६ किलोमीटर. ८,००० किलोमीटरला १,३३३ लिटर. १०५ रुपयांनी १ लाख ४० हजार. टाकीच्या झाकणाच्या आत किती ऑक्टेन लागतं ते लिहिलेलं असतं. ते वाचा आणि तेवढंच भरा. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० लिटरला १६० रुपयांच्या आसपास जातं. वर्षभर तेच भरलंत तर खर्च २ लाख १३ हजार. झाकणावर ९५ पुरेसं म्हटलं असेल तर हे ७३ हजार वाचवा. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तुमच्या गाडीला किती चालतं, तेही पुस्तिकेत पाहा आणि टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

विमा: जोडण्यांसह १ लाख २५ हजार धरा.

सर्व्हिस: वर्षाला एकदा, ७५ हजार. कामापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्या आणि ‘फोनवर मंजुरी घेतल्याशिवाय जादा काम नाही’ हे जॉबकार्डवर लिहून घ्या. जुने भाग परत मागा.

टायर: संचाला १ लाख ६० हजार आणि आयुष्य २० हजार किलोमीटर धरलं, तर ८,००० किलोमीटरचे ६४ हजार. दोन-दोन करून बदलायचे असतील तर एकाच धुऱ्यावर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या.

ब्रेक: डिस्क आणि पॅडसाठी दरवर्षी ४० हजार बाजूला टाका. एकदम बदलायची वेळ आली की बिल लाखाच्या पुढे जातं.

किरकोळ: बॅटरी, अलाइनमेंट, खरचटलेली कड, वॉश मिळून ३० हजार.

बेरीज ४ लाख ७४ हजार. महिन्याला ४० हजारांच्या किंचित आत. टोल वेगळा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला एका खेपेचे ३२०, अटल सेतूवर २५०, समृद्धीवर मुंबई ते नागपूर १,४४५. फास्टॅगचा २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. या तिन्ही रस्त्यांवर तो चालत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर हिशोब करू नका.

रोज चालवताना

गतिरोधक तिरका चढवा, एका वेळी एकच चाक. मागे हॉर्न वाजले तरी घाई करू नका. खड्डा चुकवता येत नसेल तर आधी ब्रेक लावा आणि खड्ड्यात शिरण्याच्या क्षणी सोडा. ब्रेक दाबलेल्या चाकाला जास्त मार बसतो. २५५/४० मापाच्या टायरची बाजू १०२ मिलिमीटर उंच असते. स्विफ्टच्या १६५/८० टायरची १३२. म्हणजे तीस मिलिमीटर गादी कमी. आठवड्यातून एकदा थंड टायरची हवा मोजा आणि बाजूंवरून हात फिरवा. फुगा लागला तर तो टायर त्याच दिवशी काढा. त्याला दुरुस्ती नाही.

गर्दीत ड्युअल क्लच गिअरबॉक्स असेल तर इंच-इंच सरकू नका. पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग चला. अर्धवट पकडलेला क्लच तापतो आणि झिजतो. मॅन्युअल असेल तर सिग्नलला न्यूट्रल करा आणि पाय क्लचवरून काढा.

पावसाळ्यात रस्त्यावर किती पाणी आहे ते कळत नसेल तर गाडी घालू नका. पाण्यात बंद पडली तर पुन्हा चालू करून पाहू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचं काम थेट इंजिन उघडण्यावर जातं. किल्ली काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा. उचलायला माणूस बोलावताना ‘फ्लॅटबेडच पाठवा’ असं दोनदा सांगा. हुकाने उचलून ओढली तर बंपर तुटतो, कधी गिअरबॉक्सही जातो.

गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावा. तो पाच-सात हजारांत मिळतो. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर सोसायटीकडून मीटरसह जोड घ्या.

कायदा आणि हौस

द्रुतगती मार्गावर मोटारीला कमाल वेग १००, घाटात ६०. समृद्धीवर १२०. कॅमेरे आहेत. मर्यादा ओलांडली तर हलक्या मोटारीला कायद्याने १,००० ते २,००० रुपये. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कंपनीने न दिलेला मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट बसवून किंवा इंजिनात बदल करून गाडी नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळी केलीत तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. बदललेली गाडी घेत असाल तर मूळ भाग विक्रेत्याकडून मागून घ्या.

किल्ली घरातल्या अल्पवयीन मुलाच्या हाती लागणार नाही, अशी ठेवा. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. ती गाडी कोट्यवधींची होती आणि १,७५८ रुपये फी न भरल्यामुळे तिची कायमची नोंदणी राहिली होती. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट ही, की गेलेला जीव परत येत नाही. गाडीत चारशे घोड्यांची ताकद असेल तर ती कोणाच्या हाती द्यायची, हे घरात आधीच स्पष्ट ठरवा.

वेग अनुभवायचाच असेल तर ट्रॅकवर जा: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट. प्रवेश फी, फ्लॅटबेडची वाहतूक, पॅड आणि टायरची झीज धरून आधी हिशोब करा.

सही करण्याआधी

चाचणी मोकळ्या रस्त्यावर, विक्रेत्याच्या सोयीने घेऊ नका. कामाच्या दिवशी, सकाळी साडेनऊला, तुमच्या घरापासून ऑफिसपर्यंत न्या. तोच गतिरोधक, तोच उड्डाणपुलाचा सांधा, तोच तळघराचा रॅम्प. बाजूला घरातलं असं माणूस बसवा, ज्याला गाड्यांचं वेड नाही. आई-वडिलांना आत बसून बाहेर उठता येतं का, ते पाहा. भाड्याने घेऊन दोन दिवस वापरून बघायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा तुमच्या बाजूने उभा राहत नाही.

कोथरूडच्या त्या गृहस्थांनी गतिरोधक नीट झाल्यावर पट्टी पुन्हा ठेवली. मध्ये दोन बोटं फट उरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बुकिंगचा चेक फाडला. आज ते त्याच गाडीने रोज ऑफिसला जातात आणि लाकडी पट्टी त्यांनी डिकीत ठेवली आहे. सोसायटीत दुसरं कुणी अशी गाडी घ्यायची म्हटलं की ते आधी ती पट्टी हातात देतात.